जिनाच्या गेटवरची झडती

नगरपालिकेच्या नव्या सभागृहातून बाहेर पडताना माझ्या मायने दारात थांबून पदर झाडला. दोन्ही हातांनी समोर धरून, सूप पाखडावं तसा. मग अंबाडा सोडला, केस मोकळे करून मान खाली घातली आणि दारावरच्या सिक्युरिटीवाल्यापुढे तशीच उभी राहिली. तो 'जा' म्हणेल याची ती वाट बघत होती.

निळ्या ड्रेसमधला तो माणूस गांगरला. त्याला काय कळणार? मागे गावातली शहाणीसुरती माणसं कागदी कपातला चहा पीत उभी होती. आधी एक जण हसला, मग सगळेच हसले. हसण्यात दुष्टावा नव्हता. म्हातारं माणूस काही गमतीचं करतं तेव्हा लोक हसतात तसं ते होतं. मला तेच जास्त झोंबलं.

पुण्याहून आलेल्या मॅडमनी पटकन मोबाइल वर धरला. म्हणाल्या, "मावशी, परत एकदा कराल का?"

मायने परत पदर झाडला.

मी तिला दंड धरून ओढलं. ती हलेना. म्हणाली, "थांब ना पोरी. त्यानं जा नाई म्हटलं अजून."

ज्यांनी जिन पाहिलं नाही त्यांना हे समजायचं नाही, म्हणून सांगते. आमचं गाव अडाण नदीच्या काठी, मंगरूळपीरकडून येणारी बस इथे थांबते. एके काळी इथे कापसाचं मोठं जिन होतं. सरकी वेगळी काढणारे रेचे, रुईच्या गाठी बांधणारी प्रेस, सकाळचा भोंगा. आता पत्रे उडालेली शेडं, बाभळी आणि एक उंच धुरांडं एवढंच राहिलंय. जिनाच्या मागे, नदीकडे तोंड करून, कामगारांच्या घरांची लाइन. मी तिथेच जन्मले. लग्न होऊन गेले, नवरा वारल्यावर तिथेच परत आले आणि दारात फॉल-पिकोचं मशीन टाकलं. माय किन्हीराजाकडची. लग्न होऊन आली ती थेट जिनातच कामाला लागली.

संध्याकाळी जिन सुटलं की बायांची रांग गेटवर लागायची. गेटच्या आत खुर्ची टाकून जमादार बसायचा, हातात वेताची छडी. एकेक बाई पुढे यायची, पदर झाडायची, अंबाडा सोडायची, मान खाली घालायची. जमादाराला वाटलं तर तो छडीचं टोक केसांतून फिरवायचा. तो 'जा' म्हणाला की मगच बाई बाहेर पडायची. रुई चोरून नेतात म्हणे. अख्खा दिवस कापसात बसणाऱ्या बाईच्या अंगाला कापूस चिकटणार नाही तर काय चिकटणार? भुवयांवर रुई, कानात रुई, खोकला आला तरी रुईच. पण गेटवर त्यालाच चोरी म्हणायचे. आमच्या शेजारच्या वच्छलामावशीच्या अंबाड्यात एकदा बोटभर पुंजका निघाला, तर तिला हंगामभर घरी बसवलं. मुनीम आणि फिटर सायकलवरून सरळ बाहेर जायचे. त्यांच्या पिशवीला कोणी हात लावत नव्हतं.

मी शाळेतून येऊन गेटसमोरच्या कडुनिंबाखाली मायची वाट बघत बसायची. रोज बघायची. रोजचं असल्यामुळे त्यात काही वाईट आहे असं वाटत नव्हतं. घरी भावली खेळतानासुद्धा आम्ही पोरी तिचा पदर झाडायचो.

मग जिन बंद पडलं. जिनाच्या मालकाने, मोठ्या शेठनी, तोंडी सांगितलं, लाइनमध्ये राहा. आम्ही राहिलो. बाया शेतात, बांधकामावर जायला लागल्या. पण पदराची सवय काही गेली नाही. दारावर गणवेशातला माणूस दिसला की त्यांचे हात आपोआप पदराला जातात. माय मंगरूळपीरच्या दवाखान्यातून निघताना झाडते. बँकेतून निघताना झाडते. वच्छलामावशीने तर स्वतःच्या पोरीच्या लग्नात, कार्यालयाच्या दारात बँडवाला उभा होता, त्याच्यापुढे झाडला. त्याचाही गणवेशच होता ना, लाल, पितळी बटणांचा. आम्ही घरी यावर पोट धरून हसायचो. घरातलं हसणं वेगळं असतं. त्या दिवशी सभागृहाच्या दारात ते हसणं परक्यांच्या तोंडून ऐकलं.

सभा होती गावाच्या भविष्याची. भिंतीवर मोठं चित्र टाकलं होतं. त्यात आमची नदी निळीशार, काठोकाठ भरलेली. खरी अडाण उन्हाळ्यात बघा, पाण्यापेक्षा बेशरमाची झाडं जास्त. चित्रात काठाने फरशीचा रस्ता, दिव्यांचे खांब, जिनाच्या शेडात हॉटेलं आणि एक संग्रहालय. पोहरादेवीला जाणाऱ्या गाड्या इथे थांबतील, लोक फिरतील, फोटो काढतील, खातील, गावाला रोजगार मिळेल. पुण्याच्या मॅडम छान समजावून सांगत होत्या. खोटं कशाला बोलू, मलाही आवडलं. मलाही वाटलं, संध्याकाळी या फरशीवरून मायला फिरवून आणावं.

मग मी लाइन शोधायला लागले. धुरांडं सापडलं, गेट सापडलं. लाइनच्या जागी हिरवी झाडं होती आणि झाडाखाली एक बाई कुत्रं घेऊन चालत होती.

मी उभी राहून विचारलं, "आमची घरं कुठं हायेत याच्यात?"

उत्तर मॅडमनी दिलं नाही, भैयाजींनी दिलं. भैयाजी म्हणजे मोठ्या शेठचा नातू. पुण्यात शिकून आलाय, माझ्याच वयाचा. जमीन त्याची, म्हणून योजनेत तो भागीदार. म्हणाला, ताई, ते पुढच्या टप्प्यात आहे, गावाबाहेर ई-क्लासवर चांगली जागा बघतोय. ई-क्लास म्हणजे गुरं चारायचं पडीक रान. पाणी नाही, रस्ता नाही, दारात फॉल-पिकोला बाई येईल अशी वस्तीही नाही. मी आणखी बोलणार होते, पण चहा आला आणि सगळे उठले. मग दारात मायचं ते झालं.

चार-सहा दिवसांनी भैयाजी आणि मॅडम आमच्या दारात. मी मशीनवर बसले होते. माय तांदूळ निवडत होती. मॅडम खाली बसल्या, चटईवर, हे सांगायला हवं. बोलायलाही गोड. म्हणाल्या, तुमच्या आईचा व्हिडिओ सगळ्यांना इतका आवडला. भूमिपूजनाला मुंबईचे पाहुणे येणार आहेत. त्यांच्यापुढे जुनं जिन जिवंत करायचं. गेट रंगवायचं, जमादार बसवायचा आणि खऱ्या कामगार बायांनी रांगेने येऊन पदर झाडायचा. पदरात आधीच थोडा कापूस भरून ठेवायचा, म्हणजे झाडल्यावर उडेल. संध्याकाळच्या उन्हात फार सुंदर दिसेल.

माय तांदळातून मान वर न करता म्हणाली, "तेवढा कापूस निंगाला असता तं जमादारानं जितं सोडलं नसतं."

मॅडम हसल्या. भैयाजीही हसला. मग तो म्हणाला, "मी लहानपणी गाडीतून बघायचो ना. सगळ्या बायका पदर झाडायच्या आणि कापूस उडायचा. मला वाटायचं, बर्फ पडतोय."

 शेठची ती पांढरी गाडी मला आठवत होती. गाडी आली की रांग थांबायची, दोन्ही दारं उघडायची, जमादार उठून सलाम करायचा. मागच्या काचेला नाक लावून बसलेलं ते पोरगं मी कडुनिंबाखालून कितीदा पाहिलं होतं. एकाच गेटवर एकाच वेळी आम्ही दोघं तेच बघत होतो. त्याने बर्फ पाहिला. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात ते असंच असावं.

उठताना भैयाजी म्हणाला, "तुम्ही एवढं करा ताई. तुमच्या लाइनचं मी वर बोलतो."

झालं. आमचा हात दगडाखाली होता आणि दगड कुणाचा हे त्यालाही ठाऊक, आम्हालाही ठाऊक. मी मायला म्हटलं, नाही करायचं. ती माझ्यावरच उखडली. म्हणाली, "घर राहत असंन तं झाडीन. माहं काय जाते? जलमभर झाडलाच ना?" लाइनमधल्या बाकीच्या म्हाताऱ्या बायाही तयार झाल्या. एकीच्या सुनेने तर केसांना काय लावायचं ते विचारलं. रांग मोठी दिसावी म्हणून माझ्यासारख्या तरण्या लेकींनीही उभं राहायचं ठरलं. मी हो म्हटलं. घर मलाही हवंच होतं.

त्या दिवसांत मला स्वस्थता म्हणून नव्हती. मशीनवर बसले की दोरा तुटायचा. उठून नदीवर जायची, घाटाच्या काळ्या पायऱ्यांवर बसायची, तिथूनही उठायची. त्यात मॅडमनी सगळ्यांसाठी एकसारखी लुगडी पाठवली आणि फॉल-पिकोचं काम मलाच दिलं. नऊवारी लुगड्याला फॉल! जिनातल्या कोणत्या बाईने लुगड्याला फॉल लावला होता? मी लावून दिला. एकेक पदर मशीनखालून सरकवताना मनात येई, हा आता झाडायचा. याच्यात आपण टाके घालतोय ते झाडायला.

आदल्या दिवशी तालीम होती. गेट लाल रंगवलेलं, रंग अजून ओला. आत खुर्ची टाकून जमादार बसवला होता, तालुक्याच्या नाटकमंडळीतला एक जाडजूड माणूस. त्याला खोट्या मिशा लावल्या होत्या. भैयाजी, मॅडम आणि कॅमेरावाले समोर, माझ्या कडुनिंबाखाली. मॅडमनी एकेका बाईच्या पदरात कापसाची मूठ ठेवली आणि झाडताच सुटेल अशी सैल गाठ मारायला शिकवलं.

पहिली वच्छलामावशी गेली. तिने पदर झाडला, कापूस उडाला, टाळ्या पडल्या. ती लाजून हसली. दुसरी माय. जमादाराने मिशी पिळत छडी तिच्या अंबाड्याला लावली आणि शिकवलेलं वाक्य म्हटलं, "काय चोरलं गं?"

 मी तिच्या मागेच होते, मला तिची पाठ दिसत होती. तिने मान खाली घातली, आणि कोणी शिकवलेलं नसताना म्हणाली, "काई नाई मालक. झाडून घ्या."

मॅडम हळूच म्हणाल्या, "ब्यूटिफुल."

मला त्या क्षणी भयंकर राग आला, आणि गंमत म्हणजे जमादार, मॅडम किंवा भैयाजी यांचा आधी नाही आला. आधी त्या मानेचा आला. ती ज्या कोनात वाकली त्याचा. ती नाटक करत नव्हती. तिच्यापुढे खराच जमादार होता आणि तिला खरंच भीती वाटली होती. आणि हे सगळं मी फॉल लावून सजवलं होतं.

तेव्हाच मला दुसरा एक दिवस आठवला. जिन बंद झाल्यानंतरचा. मी याच झाडाखाली होते. याच गेटातून ट्रकमागून ट्रक निघत होते. रेचे, प्रेसचं लोखंड, मोटारी, सागाचे वासे, वर ताडपत्री बांधलेली. जमादाराने दोन्ही दारं सताड उघडली होती आणि तो प्रत्येक ट्रकला सलाम करत होता. त्याची छडी खुर्चीला टेकून ठेवलेली होती. आत काय चाललंय ते आम्ही लाइनवाले बघत उभे होतो. अख्खं जिन गेटातून बाहेर गेलं, आमचं काम बाहेर गेलं, आणि एकाही ट्रकची ताडपत्री कुणी उचलून पाहिली नाही.

"नेक्स्ट," कुणीतरी म्हणालं. माझी पाळी होती.

मी जमादारापुढे गेलेच नाही. वळून भैयाजीसमोर जाऊन उभी राहिले. पदराची गाठ सोडली आणि कापसाची मूठ त्याच्यापुढच्या टेबलावर ठेवली.  म्हटलं, "भैयाजी, जिन बंद झालं तवा रेचे याच गेटातून गेले. ट्रकच्या ट्रक गेले. त्यायची झडती कोनं घेतली व्हती?"

तो चिडला नाही. त्याला खरंच कळलं नाही मी काय विचारतेय. म्हणाला, "ताई, ते तर आमचंच होतं ना."

आमचंच. लोखंड त्यांचं, जमीन त्यांची, नदीचा काठ आता त्यांचा. आमच्या मायांनी खाली घातलेल्या मानासुद्धा त्यांच्याच, पाहुण्यांना दाखवायला. मी म्हटलं, "माही माय हे करणार नाई. मीबी नाई." आणि मायचा हात धरून तिला गेटबाहेर आणलं. वच्छलामावशी आमच्या मागे आली. बाकीच्या बाया तिथेच थांबल्या. मी त्यांना दोष देत नाही.

घरी आल्यावर माय माझ्याशी भांडली. आयुष्यात कधी भांडली नव्हती इतकी. म्हणाली, तुझ्या तोऱ्यापायी घर घालवलंस. म्हणाली, माझा पदर, मी झाडीन नाहीतर फाडीन, तू कोण?  तिचं चूक होतं असं मी आजही म्हणत नाही. लाज परवडायलाही छप्पर लागतं.

भूमिपूजन झालं. आमच्या जागी कॉलेजच्या पोरी उभ्या केल्या. फॉल लावलेल्या लुगड्यांत त्यांनी हसत-हसत पदर झाडले, कापूस उडाला, पाहुणे खूश झाले. ते कुणाच्यातरी मोबाइलवर मायने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "असं नाई झाडत," आणि मोबाइल परत दिला.

ज्या बाया थांबल्या होत्या त्यांच्या घरांनाही सूट मिळाली नाही. महिन्याभराने नगरपालिकेची गाडी लाइनीतून भोंगा लावून फिरली. सगळ्यांनी घरं खाली करा, ई-क्लासवर जा. भैयाजी वर काय बोलला कुणास ठाऊक. आणि लगोलग जिनात ठेकेदाराचे ट्रक सुरू झाले. उरलेली शेडं उकलायला लागले. जुन्या विटा, राहिलेले सागवान, आणि मग नदीवरच्या घाटाचे काळे दगड. ते मात्र जिनाचे नव्हते. त्यांच्यावर आमच्या आज्या-पणज्यांनी कपडे आपटले होते. चित्रात तिथे फरशी होती, म्हणून दगड निघाले आणि कुणाच्यातरी फार्महाऊसकडे चालले. ताडपत्रीखालून.

पहिला दगडांचा ट्रक मी नुसता जाताना पाहिला. दुसरा आला तेव्हा मी गेटात उभी होते, सोबत वच्छलामावशी. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मी म्हटलं, ताडपत्री काढ. तो हसला. वच्छलामावशी चाकापुढे बसली, मग त्याचं हसणं थांबलं. दुपारपर्यंत लाइनमधल्या सगळ्या बाया आल्या, तालमीत थांबलेल्याही आल्या. पोलीस आले. सरकारी कामात अडथळा, केस होईल, म्हणाले. वच्छलामावशी म्हणाली, "टाका. हंगामभर बसून पाह्यलं हाय म्या, बोटभर रुईसाठी." ट्रक त्या दिवशी मागे फिरला आणि दगड घाटावर उतरवले गेले.

तेव्हापासून आम्ही पाळीपाळीने गेटवर असतो. तालमीतली जमादाराची खुर्ची तिथेच पडली होती. ऊन झालं की मी तीवर बसायची. पाय दुखतात, खुर्ची रिकामी आहे, बसले. त्यात एवढं काय?

माय कित्येक दिवस फिरकली नाही. मग एका दुपारी ती आतल्या वाटेने, लाइनकडून, माझ्यासाठी भाकर आणि ठेचा घेऊन आली.  फडकं माझ्या मांडीवर ठेवलं आणि सडकेकडे जायला निघाली. गेटाशी पोचली, थांबली, वळली. मी खुर्चीवर होते. तिने माझ्यापुढे पदर झाडला. अंबाडा सोडला. मान खाली घातली. आणि मी 'जा' म्हणेन याची वाट बघत उभी राहिली.

पोटच्या पोरीपुढे.

मी अशी उठले की भाकर मातीत पडली. ती खुर्ची मी दोन्ही हातांनी उचलली आणि गेटाच्या खांबावर आपटली. पाय मोडेपर्यंत आपटली. माय घाबरून बघत होती. मी तिचे केस माझ्या हाताने बांधले आणि तिला म्हटलं, "माय, इथं कोनी कोनाले जा म्हनत नाई आता." ती गेली. तिला ते पटलं की नाही, माहीत नाही. परवा बँकेच्या दारात तिने पुन्हा झाडला. तिच्या हातातून ते जाणार नाही, हे मी आता धरून चालले आहे.

पण गेटवर तेव्हापासून कुणी बसत नाही. आम्ही उभ्या राहतो. माणसाची झडती घ्यायची नाही, हे ठरलंय. मजूर, मिस्त्री, मॅडम, खुद्द भैयाजी, कुणीही यावं-जावं, त्यांच्या खिशाला कुणी हात लावणार नाही. थांबायचं ते मालाने. माझ्यावर केस झाली आहे, तारखेला जाते. लाइन राहील की नाही ते सांगता येत नाही. एखाद्या सकाळी जेसीबी येईलही. पण गावाचं भविष्य घडवायचं असेल तर ते आम्हाला दाखवून घडवावं लागेल, आणि या गेटातून नदीचा एक दगडही झाकून जाणार नाही. मी जिती असेपर्यंत नाही.

आत्ता हे सांगता सांगताही आत एक ट्रक सुरू झालाय. आवाज येतोय. वच्छलामावशी गेटाच्या एका दाराशी, मी दुसऱ्या. ड्रायव्हर नवा दिसतो. डोकं बाहेर काढून विचारतो, काहून थांबवून राह्यल्या?

मी त्याला सांगते, "ताडपत्री झाडून दाखव."